घरच्या गोलकीपरबद्दल प्रल्हादभाऊ काय म्हणायचे

सुनीलचा फोन आला तेव्हा मी बुऱ्हाणपूरच्या लालबागेतल्या घराच्या ओट्यावर पेपर उघडून बसलो होतो. "सर, आबा गेले," एवढंच तो म्हणाला. प्रल्हादभाऊ चौधरी... जसोंडीचे केळीवाले शेतकरी, माझे उभ्या आयुष्याचे मित्र आणि आमच्या बुऱ्हाणपुरातले हॉकीचे सगळ्यात बडबडे शौकीन. दुखणं मोठं होतं, डॉक्टरांनी सूचना दिलेली होती, सगळं माहीत होतं. तरी आदल्या संध्याकाळी ज्या माणसाने दवाखान्यातल्या पलंगावरून मला ग्राउंडच्या गवतावरून फैलावर घेतलं, तो सकाळी नसेल हे काही केल्या डोक्यात शिरेना. गणिताचा मास्तर असून मला एवढी साधी वजाबाकी त्या दिवशी जमली नाही.

त्या संध्याकाळी त्यांचं बोलणं अर्धं श्वासातच विरत होतं, पण विषय तोच. पावसाळा सरला होता, नवा हंगाम तोंडावर आला होता, आणि ज्युनियर मुलींच्या संघाची उजळणी बाकी होती. "मास्तर, ग्राउंड सुकलं का? रोशनी अजून खाली मुंडी घालूनच पळते का? अन् ती सबा... तिला सांगा, गोल मारल्यावर नाचाले टाइम खूप भेटते, आधी वापस ये म्हणा." एकेका पोरीची चौकशी झाली. शेवटी मीच विचारलं, "आणि आपली नंदिनी?" नंदिनी म्हणजे त्यांची नात, सुनीलची मुलगी, त्याच संघाची गोलकीपर. प्रल्हादभाऊंनी तोंड भिंतीकडे फिरवलं. "तिचं सोडा मास्तर. तिच्यानं काय होणार हाय?" पलंगाच्या पायथ्याशी नंदिनी मुगाच्या पाण्याचा डबा घेऊन उभी होती. तिने डबा टेबलावर ठेवला, झाकण नीट बसवलं आणि बाहेर निघून गेली. आजोबांचं तिने ऐकलेलं ते शेवटचं वाक्य.

प्रल्हादभाऊंनी स्वतः कधी स्टिक हातात धरली नव्हती. पण दर वर्षी, पावसाळ्यानंतर ग्राउंडचं गवत कापलं की येणाऱ्या रविवारी ते जसोंडीहून सकाळीच निघायचे, बाजारातून मावा जिलेबीचा पुडा घ्यायचे आणि कडुलिंबाखाली येऊन बसायचे. आम्ही चार-सहा रिकामटेकडे तिथे जमलेलो असायचो. मुलींचा सराव सामना व्हायचा आणि मग सगळ्यांसमक्ष, मुलींसमक्षही, प्रत्येकीचं माप काढलं जायचं. आमच्याकडे त्याला सगळे 'भाऊची परीक्षा' म्हणत. मला हॉकीतलं फार कळत नाही, आणि खरं सांगायचं तर सामना मला अंमळ कंटाळवाणाच वाटतो. मी जायचो ते भाऊंकडे बघायला. बॉल एकीकडे असायचा आणि यांची नजर भलतीकडेच. एकदा मी म्हटलं, "भाऊ, गोल तिकडे झाला." तर म्हणाले, "होऊ द्या ना. बॉल स्टिकवर असला म्हणजे सबीच चांगले दिसतात भो. बॉल नसताना पोरगी काय करून राह्यली, ते बघाचं असते."

बोलणं तिखट, पण पोरी चिडत नसत. कारण एक रीत होती. ज्या पोरीला सगळ्यात जास्त बोल बसले, जिलेबीचा पहिला तुकडा तिचा. तोही भाऊ स्वतःच्या हाताने द्यायचे, आणि देताना हळूच काहीतरी सांगायचे. सबाला एका वर्षी ते म्हणाले होते, "तू पळण्यासाठी पळते बेटा, पोचण्यासाठी नाही." ती रडवेली झाली, जिलेबी खाल्ली, आणि पुढच्या हंगामात खरोखर पोचायला लागली. आता मोठ्या तोऱ्यात सांगते की मला भाऊंनी दोनदा जिलेबी दिली आहे. पहिली जिलेबी मिळणं हा आमच्याकडे मान होऊन बसला होता.

नंदिनीला ती कधीच मिळाली नाही. बोल मात्र सगळ्यात जास्त तिलाच बसत. तिची पाळी आली की भाऊ मांडीवर हात आपटून हसायचे. "आमचं काय, फुटकं मडकं! काही थांबतंच नाही त्यात. दुसरी कोणी भेटत नाही म्हणून उभी करतात." कोणी म्हणालं, "अहो भाऊ, आत्ता तिने केवढा कॉर्नर अडवला!" तर म्हणायचे, "आंधळ्याच्या हाती बटेर लागली, नशिबानं." आणि जिलेबीच्या पुड्याकडे ती बघतेय असं दिसलं की, "तिला घरी भाकर हाय." सगळे हसायचे. हेल्मेट काढून घामाघूम उभी असलेली ती पोरगीही हसायची. आम्ही म्हातारी मंडळी त्या हसण्याने निर्धास्त होतो. आम्हाला वाटायचं, तिला कळतंय.

आमच्या पिढीला हे कोणी समजावून सांगावं लागत नव्हतं. घरात तान्हं मूल गुटगुटीत दिसलं की आजी त्याला 'काळं माकड' म्हणायची. आधीची भावंडं गेलेल्या मुलाचं नाव दगडू ठेवायचे. जे फार जिवाचं, त्याला उघड्यावर वाईट म्हणायचं, म्हणजे त्याच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही. आणि प्रल्हादभाऊंना तर भीती लोकांच्या नजरेची नव्हतीच, स्वतःच्या नजरेची होती. सुनील तरुणपणी डाव्या बगलेवरून असा सुटायचा की ग्राउंडबाहेरचा भजीवालासुद्धा झारा टाकून बघत राहायचा. एका वर्षी मुलांच्या संघाच्या परीक्षेच्या दिवशी भाऊंनी लेकाचं तोंड भरून कौतुक केलं, जिलेबी अख्ख्या गल्लीत वाटली. हंगामाच्या पहिल्याच सामन्यात सुनीलचा गुडघा गेला. आजही केळीच्या बागेत पाणी द्यायला जाताना तो एक पाय जरा ओढतच चालतो.

त्यानंतर कधीतरी आम्ही दोघं असीरगडावर गेलो होतो. चढून दम लागलेला, वरच्या दगडावर बसलो, आणि भाऊ एकाएकी म्हणाले, "मास्तर, मायबापाची नजर सगळ्यात पहिले लागते. परक्याची उतरते. आपलीच लागली तर कोण उतरवणार?" मी बुद्धिवादाचं एक छोटंसं व्याख्यान दिलं. गुडघ्याचे अस्थिबंध, ओलं ग्राउंड, वगैरे. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरोबर हाय तुमचं." पण पुढे नातीने गोलपोस्टपुढे उभं राहायला सुरुवात केली, आणि तिच्याबद्दल एक बरा शब्द कधी त्यांच्या तोंडून निघाला नाही.

यंदा ते गेल्यानंतर काही आठवड्यांनी ग्राउंडवरचं गवत कापलं गेलं. रविवारी सवयीने आम्ही कडुलिंबाखाली जमलो. जिलेबी आणायचं कोणालाच सुचलं नव्हतं. पोरी खेळल्या, येऊन आमच्यासमोर रांगेत उभ्या राहिल्या आणि वाट बघू लागल्या... कशाची ते त्यांनाही माहीत होतं. "सर, तुम्ही बोला ना कुछ तरी," सबा म्हणाली. मला काय बोलता येणार होतं? मी रांगेतल्या एकेकीकडे बघत गेलो. एवढ्यात माझ्या ध्यानात आलं की गोलकीपरचे पॅड भलत्याच मुलीच्या पायात होते. कोचबाईंनी सांगितलं, "नंदिनीने किट जमा करून टाकली. इंदूरच्या निवड चाचणीलाही जात नाही म्हणते." चाचणी पुढच्याच आठवड्यात होती, आणि वयाच्या अटीमुळे ज्युनियरमध्ये तिचं हे शेवटचं वर्ष. यंदा नाही तर कधीच नाही.

मी तडक जसोंडीला गेलो. नंदिनी ओसरीवर वहिनींसोबत, म्हणजे भाऊंच्या पत्नीसोबत, तूर निवडत बसली होती. मी रागावूनच विचारलं. ती वर न बघता म्हणाली, "सर, फायदा काय जाऊन? पूर्ण बुऱ्हाणपूर मानतं ना की आबांची नजर कधी चुकत नाही. सबाबद्दल बोलले, सच निकला. रोशनीबद्दल बोलले, सच निकला. तो फिर माझ्याबद्दल कसं चुकेल? मरायच्या आदल्या दिवशी पण तेच बोलले. मी तिथेच होते."

मला धक्का बसला. एवढी वर्षं ज्या शब्दांच्या आडोशाला भाऊ तिला जपत होते, ते शब्द ती एकेक करून खरे धरत गेली होती. मी तिला सगळं सांगितलं. दगडू-धोंडू, तिच्या बापाचा गुडघा, असीरगडावरचं बोलणं. तिने शेवटपर्यंत ऐकलं आणि अगदी समजूतदारपणे म्हणाली, "थँक यू सर. मला चांगलं वाटावं म्हणून बोलताय तुम्ही." मी हतबल झालो. गेलेल्या माणसाच्या वतीने साक्ष द्यायची तर पुरावा कुठून आणायचा?

वहिनी इतका वेळ सुपातल्या डाळीतच बघत होत्या. त्या म्हणाल्या, "नंदे, उठ. मांगल्या दारी चल."

मागच्या अंगणात न्हाणीजवळ एक फुटका लोखंडी तवा उपडा पडला होता. वहिनींनी तो सुलटा केला. आतून पार काळा, कडेला जळक्या मिरच्यांचे देठ आणि मिठाचे खडे चिकटलेले. "हे तुझ्या आबाचं काम," त्या म्हणाल्या. "मॅचवरून आली की तू तो घोडे बेचून झोपते दुपारची. मंग हे उठायचे. मीठ, मोहरी, मिरच्या मुठीत घ्यायचे अन् तुह्यावरून उतरवायचे. मी म्हणे, अहो बायाचं काम हाय, मी करते ना. तर म्हणायचे, नजर माही हाय, मलेच काढू दे. मिरच्या तव्यातल्या विस्तवावर टाकल्या की असे वाकून बसायचे, ठसका येते का पाह्याले. नजर नसली म्हणजे ठसका येते, अन् असली म्हणजे येत नाही. कधी यायचाच नाही. मंग मले सांगायचे, पाहाय, किती खेळली आज पोरगी, माही नजर हटतच नव्हती." वहिनींनी तवा जवळ ओढला. "शेवटची मॅच झाली तुही, तेव्हा यांच्यानं उभं राहवत नव्हतं. भिताडाले धरून केलं. मी तवा घासला नाही अजून..."

नंदिनी खाली बसली. देठांना तिने बोटही लावलं नाही, नुसती बघत राहिली. मग आम्हाला कोणालाच माहीत नव्हता अशा आवाजात रडली. मोठ्याने, हमसून हमसून, लहान मुलीसारखी. दवाखान्यात, स्मशानातून माणसं परतली तेव्हा, दहाव्याला, तेराव्याला, कधीच ती अशी रडली नव्हती. मध्येच तिने विचारलं, "आजी, एक बार तरी मला का नाही बोलले?" वहिनींनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मला भाऊंचा फार राग आला त्या क्षणी, आणि तितकीच त्यांची आठवणही. आपलं माणूस वाचवण्यासाठी इतकं पक्कं कुलूप लावायचं की ते आतच गुदमरावं... हे काही बरं केलं नाहीत भाऊ तुम्ही. समोर असते तर तोंडावर सांगितलं असतं. ते म्हणाले असते, "बरोबर हाय तुमचं मास्तर," आणि पुढच्या सामन्यानंतर पुन्हा तेच केलं असतं.

दुसऱ्या दिवशी नंदिनीने जाऊन आपली किट परत घेतली. इंदूरला तिच्यासोबत सुनील गेला. माझा जीव थाऱ्यावर नव्हता. परतल्यावर सुनील मला घ्यायला मोटारसायकल घेऊन लालबागेत आला, आणि गाडी चालवताना अर्धं वळून वळून सांगत राहिला: कशी झेपावली, कसे कॉर्नर अडवले, निवड करणाऱ्या बाईंनी नाव दोनदा विचारून घेतलं. "रस्त्याकडे बघ बाबा," मला सांगावं लागलं. यादी लागायला अजून वेळ आहे. लागेल तेव्हा लागेल.

आम्ही पोचलो तेव्हा ऊन कलायचं होतं. मधल्या खोलीत नंदिनी ट्रॅकसूट न बदलताच सतरंजीवर आडवी झाली होती, डोळे मिटून. या वेळी ती झोपलेली नव्हती. पापण्या हलत होत्या, पण उघडत नव्हत्या. वहिनी मूठ आवळून तिच्या उशाशी उभ्या होत्या. त्यांनी डोक्यापासून पायापर्यंत मूठ उतरवली, काहीतरी पुटपुटल्या आणि मागल्या दारी गेल्या. मी आणि सुनील दारात उभे राहिलो. विस्तव चांगला फुललेला होता. मिरच्या तडतडल्या, फुगल्या, काळ्या पडल्या, धूर सरळ आमच्या तोंडावर आला. आयुष्यभर या असल्या गोष्टींवर हसलेला मी, नाक वर करून वाट बघत होतो. कोणालाच ठसका आला नाही.

वहिनींनी पदराने डोळे पुसले आणि खोलीच्या दिशेने, तिला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाल्या, "पाहा भाऊजी... गेले तरी यांची नजर हटत नाही पोरीवरून."