चिमटे

इथे परदेशात, रोटोटुनाला आमच्या शेजारी राहणारे काका कपडे वाळत घालताना इटालियन क्रियापद पाठ करतात. 'आंदारे' म्हणजे जाणं. वादो, वाय, वा... एका रूपाला एक चिमटा. वर्तमानकाळ झाला की भूत, मग भविष्य, मग आज्ञार्थ. क्रियापद भलतंच आडमुठं. चुकलं की सगळे चिमटे काढून पहिल्यापासून.

मिलानला राहणाऱ्या त्यांच्या नातीला फक्त इटालियन येतं. मुलगा वारला आणि सुनेचे रविवारचे फोन हळूहळू बंद झाले. काकांचं पाठांतर मात्र चालूच.

परवा मला राहवलं नाही. कुंपणावरून विचारलं, "काका, आता कशाला?"

"अगं, नातीचा फोन आला आणि मी अडखळलो, तर?"

माझ्यामुळे त्यांचं रूप चुकलं होतं. त्यांनी ओले शर्ट उतरवले आणि पुन्हा पहिला चिमटा लावला. "वादो."