मेश्राम काकांच्या गाण्याची चाल

मंडळी, सकाळपासून जीव थाऱ्यावर नाही, म्हणून आपल्या कॉलनीच्या ग्रुपवर लिहून राहिलो.

माझ्याकडे दोनशेच्या वर कॅसेटी आहेत. बायको म्हणते फेका, मी ऐकत नाही.

आज मेश्राम काका मुलीला घेऊन जुनवानीहून आले. आमच्या सेक्टरचे जुने गायक. पंचवीस वर्षांपूर्वी जयंतीला आमच्या क्वार्टरच्या अंगणात त्यांनी स्वतः रचलेलं भीमगीत गायलं होतं आणि मी ते टेप केलं होतं.

"शब्द वहीत हायेत रे," काका म्हणाले. "चाल विसरलो मी. नातीले शिकवाची हाय. लाव न."

मी मोठ्या ऐटीत कॅसेट लावली. टाळ्या ऐकू आल्या, ढोलकी सुरू झाली आणि डेकनं फीत गिळली. सोडवायला गेलो तर तुटलीच. दुर्गच्या मेकॅनिकला फोन केला. तो म्हणाला, जोडून देतो, पण चुरगळलेला भाग काही वाजणार नाही.

काका रागावले नाहीत. उलट म्हणाले, "जाऊ दे. तुले तं येत असन न चाल? एवढे वर्षं तुयाजवळच होती."

मला एक ओळही गुणगुणता आली नाही. खरं सांगतो, टेप केल्यापासून ती कॅसेट मी एकदाही लावली नव्हती.

त्या दिवशी अंगणात बसलेलं कुणी इथं आहे का? चुकतमाकत का होईना, गुणगुणून पाठवा. काका वाट पाहून राहिले.