परदेशातून येणारे मुंडावळ्यांचे पैसे

लालबागच्या बँकेत त्या माझ्या शेजारी बसल्या होत्या. वय साठीच्या पुढचं, मांडीवर स्टीलचा डबा, हातात अर्धी झालेली मुंडावळी. नजर काउंटरवर, पण बोटं न बघता मोती ओवत होती. मी कामांची यादी घेऊन बँकेत जाते आणि ताटकळावं लागलं की चिडते. त्या दिवशी चिडायचं विसरले.

कॅनडातल्या एका लग्नासाठी त्यांनी मुंडावळ्या पाठवल्या होत्या. तिथून पैसे यायला बँकेचा स्विफ्ट कोड हवा होता, तो विचारायला त्या उठून काउंटरवर गेल्या.

"काकी, मुलाच्या खात्यात बाहेरून पैसे येतातच की," काउंटरवरचा अधिकारी म्हणाला. "त्याचाच नंबर द्या, सोपं पडेल."

"मोती त्याने ओवलेत काय रे? माझ्या कामाचे पैसे माझ्याच नावावर येऊ देत."

तो हसला. "बरं. आपल्या शाखेला वेगळा कोड नाही, मुख्य शाखेचा लिहून देतो. पैसे तुमच्याच खात्यात येतील."

खुर्चीवर परत येऊन त्यांनी नवरीच्या आईला फोन लावला. ती मूळची परळची.

"लिही गं. बी भायखळ्याचा, सी चिंचपोकळीचा, डी दादरचा..."

कोड संपला. खातं कुणाच्या नावावर, असं पलीकडून विचारलं असावं. त्या उठून उभ्या राहिल्या आणि स्वतःचं पूर्ण नाव खणखणीत आवाजात सांगितलं. सगळी शाखा वळून बघायला लागली. माझा नंबर पुकारला, तरी मला उठवेना.