फ्रीजमधली जेली आणि फेस्टीचा दंड

डिम्प्ना गिलरेनबद्दल कुणी वाकडं बोललेलं मी ऐकून घेत नाही. मी बोलले तर चालतं. एकतीस वर्षं तिच्या औषधाच्या दुकानात काउंटरमागं उभी आहे, तेवढा हक्क माझा आहे.

आता आमच्या किलमोरान गावात डिम्प्ना म्हणजे सुई आणि सुई म्हणजे डिम्प्ना असं झालंय, पण सुरुवातीला बाईची काय फे फे उडाली होती ते मला विचारा. पंधराएक वर्षांपूर्वी सरकारनं ठरवलं की औषधवाल्यांनीही फ्लूची लस टोचावी. आमचा डॉक्टर तीस किलोमीटरवर, म्हाताऱ्याकोताऱ्यांनी एका टोचणीसाठी बस बदलत जायचं कशाला? बरोबरच होतं. डिम्प्ना गॉलवे शहरात जाऊन शिकून आली ती धास्तावूनच. म्हणाली, "ब्रायडी, गोळ्या मोजून देणं वेगळं गं. जित्या माणसाच्या अंगात सुई घालायची म्हणजे..."

पहिला दंड अर्थातच माझा. आधी तिनं बॉलपेननं त्यावर त्रिकोण काढला. खांद्याचं हाड चाचपलं, त्याखाली दोन बोटं मोजली, मला हात कमरेवर ठेवायला लावला, मग परत मोजली. "फार वर टोचली तर सांध्यात जाते. सहा सहा महिने हात वर होत नाही माणसाचा. खाली गेली तर नस आहे..."

"अगं मग मधोमध टोच ना! नकाशा काढून पोस्टानं पाठवणार आहेस का?" मी ओरडले.

माझं ओरडून होईस्तोवर सुई आत जाऊन बाहेरही आली होती. मला कळलंसुद्धा नाही. तेव्हापासून तिनं ती युक्तीच करून टाकली. समोरच्याला नेमकं जे झोंबतं तेच ऐन वेळेला विचारायचं. फादरना विचारायचं की रविवारच्या हर्लिंगच्या सामन्यात आपली पोरं कशी काय हरली. पोस्टातल्या नॅन्सीला विचारायचं, सूनबाई कशी आहे? माणूस तावातावानं बोलायला लागतो, दंड सैल पडतो, काम फत्ते.

बाकी मात्र सगळं शिस्तीत. ताप आहे का, आधी कुठल्या लसीचा त्रास झालाय का, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का, हे दर वर्षी प्रत्येकाला विचारणार. अगदी स्वतःच्या सख्ख्या बहिणीलाही. आणि टोचून झालं की खिडकीपाशी खुर्चीवर पंधरा मिनिटं बसायचंच. कुणाला गरगरलं, अंगावर पुरळ आलं, तर ती समोर असायला हवी ना! तिथं चार खुर्च्या आहेत. पंधरा मिनिटांसाठी बसलेल्या बायका तासाभरानं उठतात आणि मला दोनदा चहा करावा लागतो, ते सोडा.

सगळं गाव आलं, एक फेस्टी मलकेरिन सोडून.

फेस्टी आमच्या शेजारचा. वय चौऱ्याहत्तर, लग्न नाही, एक कुत्रा आणि छातीत टर्फचा, म्हणजे चुलीत जाळतात त्या दलदलीतल्या वाळक्या मातीचा, साठ-सत्तर वर्षांचा धूर. महिन्याला श्वासाचा पंप न्यायला दुकानात यायचा. दर ऑक्टोबरला डिम्प्ना पंप हातात देताना विचारायची, "फेस्टी, यंदा घेताय ना लस?"

"यंदा नको."

नऊ वर्षं, हेच दोन शब्द. तिनं कधी भाषण दिलं नाही. मी असते तर कान धरला असता.

पण दहाव्या वर्षी त्याच्या पुतणीला, नोरीनला, मुलगा झाला. दिवस भरायच्या आधीच झालेला, वीतभर जीव. बाप्तिस्म्याला धर्मपिता म्हणून तिनं फेस्टीला बोलावलं, आणि त्याच चिठ्ठीत लिहिलं की काका, लस घेतल्याशिवाय बाळाला हात लावायचा नाही. गंमत बघा. म्हातारा असा चिडला! मला म्हणाला, "मी काय गुरांचा रोग आहे का?" पण चिठ्ठी काही फेकली नाही, खिशातच ठेवली. तीनदा वाचून दाखवली मला.

आता माझ्याकडं येते. टाळून चालणार नाही.

आमच्याकडं वर्षातून दोनदा एकेकाच्या घरी मिस्सा होते. फादर घरी येऊन प्रार्थना चालवतात, सगळी वाडी जमते, नंतर खाणंपिणं. ज्याची पाळी असते त्याची झोप उडते. भिंती रंगवतात, पडदे धुतात, ज्या खोलीत फादर पाऊल ठेवणार नाहीत तिथले माळेसुद्धा साफ करतात. त्या ऑक्टोबरात पाळी माझी. बुधवारी संध्याकाळी साडेसातला मिस्सा, आणि बुधवारी दीडला घरी येऊन पाहते तर माझ्या ट्रायफलची जेली नुसतं लाल पाणी! खाली केक, मग जेली, मग कस्टर्ड, वर साय. जेलीच घट्ट नसेल तर त्याला ट्रायफल म्हणत नाहीत, चिखल म्हणतात. आणि घरचा फ्रीज हॅमनं आणि दुधानं गच्च भरलेला.

बुधवारी आमचं दुकान एकला बंद होतं. डिम्प्ना आईला भेटायला गेली. किल्ली माझ्याकडं.

दुकानात लसींचा फ्रीज आहे. त्यात दुसरं काहीही ठेवायचं नाही. हे मला माहीत नव्हतं असं नाही. मी स्वतः शिकाऊ पोरीला त्यात दही ठेवल्याबद्दल झापलंय. पण ही पाळी होती हो माझी! मोठा काचेचा वाडगा आत सरकवला, खोकी मागं ढकलली, आणि लवकर घट्ट व्हावी म्हणून बटण दाबून फ्रीजचं तापमान खाली, अगदी खाली आणलं. सहाला जाऊन वाडगा काढला. जेली अशी झाली होती की चमचा उभा राहावा. बटण पाचावर आणलं, फडक्यानं फळी पुसली. माझ्यासारखी हुशार मीच.

मिस्सा थाटात झाली. फेस्टीनं ट्रायफल दोन वाट्या खाल्लं आणि चमचा चाटत बसला. इतका खुशीत मी त्याला गेल्या वीस वर्षांत पाहिला नव्हता. डिम्प्ना चहाचा कप घेऊन शेजारी बसली.

"फेस्टी, उद्या सकाळी मी लस द्यायला बसणार आहे. बाप्तिस्म्याला अठरा दिवस आहेत. अंगात ताकद यायला लसीला दोन आठवडे लागतात."

त्यानं रिकाम्या वाटीकडं पाहिलं. मग खिडकीकडं. मग म्हणाला, "एकदाच. ही बाही एकदा वर करीन, पोरी. परत नाही."

मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. माझ्या ट्रायफलनं केलं ते!

गुरुवारी सकाळी फ्रीजची वही लिहायचं काम माझं. तीन आकडे असतात. आत्ता किती, गेल्या चोवीस तासांत सगळ्यात जास्त किती, सगळ्यात कमी किती. आत्ताचा आकडा पाच होता, तो लिहिला. बाकीचे दोन रोज सात आणि तीन असतात, म्हणून न बघताच सात आणि तीन लिहून टाकले. खरं सांगते, कित्येक महिने तसंच लिहीत होते.

दुपारपर्यंत बारा जणांना लस टोचून झाली. फेस्टी बारावा. टोचताना भिंतीकडं तोंड करून बसला आणि नंतर खुर्चीवर पंधरा मिनिटं, टोपी गुडघ्यावर ठेवून, शाळेत बसल्यासारखा.

तीनच्या सुमाराला डिम्प्ना फ्रीजपाशी उभी होती. "ब्रायडी, इकडं ये. हे काय आहे?"

लसीच्या खोक्याच्या कोपऱ्यावर लाल, चिकट डाग.

"जेली," मी म्हणाले.

फ्रीजमध्ये एक काळी डबी असते, ती आतलं तापमान टिपत राहते. ती काढून तिनं कॉम्प्युटरला लावली. पडद्यावर रेघ उमटली. सरळ, सरळ, मग बुधवारी दुपारी दोनपासून खाली, शून्याच्याही खाली. उणे चार. सहा वाजता परत वर.

"अगं पण सकाळी पाच होतं!"

"आणि सगळ्यात कमी किती होतं? वहीत तू तीन लिहिलंस."

मी वही मिटून ठेवली.

तिनं सगळी खोकी बाजूला काढून वर "वापरू नये" असं मोठ्या अक्षरात लिहिलं, मग डब्लिनच्या लसीकरण कार्यालयाला फोन लावून सगळं जसंच्या तसं सांगितलं. फोन ठेवून मला म्हणाली, "ही लस एकदा गोठली की संपली. वितळल्यावर दिसायला तशीच, पण भरवसा नाही. बाराही जणांना परत द्यायची. दोनदा टोचल्यानं काही बिघडत नाही म्हणाले. नवा माल उद्या सकाळी येतोय."

तेव्हा मी जे बोलले ते बोलायला नको होतं. मी म्हणाले, "डिम्प्ना, कुणाला कळणारे? कदाचित लागूही पडली असेल. आणि फेस्टी परत बाही वर करेल असं वाटतं तुला? उलट सगळीकडं सांगत सुटेल."

ती माझ्याकडं वळली. रागावली असती तर बरं झालं असतं. "ब्रायडी, सतरा दिवसांनी तो त्या बाळाला छातीशी धरणार आहे," ती म्हणाली.

अकरा फोन तिनं स्वतः केले. मी करते म्हटलं तर नको म्हणाली. नॅन्सी म्हणे ओरडली, "तरीच माझा दंड गार पडला होता!" फादरनी एवढंच विचारलं, ट्रायफल उरलंय का? फेस्टीकडं फोन नाही. पाचला दुकान शिकाऊ पोरीवर सोडून आम्ही तिच्या गाडीतून निघालो. वाटभर मला फक्त नोरीनची चिठ्ठी दिसत होती, घड्या पडून मऊ झालेली.

फेस्टी फाटकाशी कुत्र्याला दटावत उभा होता. डिम्प्ना गाडीतून उतरली ती सरळच बोलली.

"फेस्टी, सकाळी मी तुम्हाला टोचलेली लस खराब झालेली होती. माझ्या फ्रीजमध्ये ती गोठली होती आणि मी तपासलं नाही. तुम्हाला अपाय नाही होणार, पण उपयोग होईल याची खात्री नाही. परत घ्यावी लागेल. चूक माझी आहे."

"तिची नाही!" माझ्या तोंडून निघून गेलं. "माझी आहे. मी ट्रायफल ठेवलं होतं फ्रीजमध्ये."

फेस्टीनं माझ्याकडं पाहिलं. "मी दोन वाट्या खाल्लं तेच?"

"तेच."

"जेली छान घट्ट झाली होती," तो म्हणाला.

मग बराच वेळ तो कुत्र्याच्या कानाशी चाळा करत राहिला. मला वाटलं, संपलं. आता फाटक लावून घेणार.

"तू सांगितलं नसतंस तर कुणाला कळलं असतं का?" त्यानं डिम्प्नाला विचारलं.

"नाही."

"हं." मग तो माझ्याकडं बघत म्हणाला, "तुला ठाऊक नसेल ब्रायडी, तुझा जन्मही नव्हता. माझा धाकटा भाऊ, कोलमन. पाच वर्षांचा. साध्या खोकल्यासाठी इस्पितळात नेला आणि कसलं तरी चुकीचं औषध दिलं त्याला, त्यातच गेला तो. चुकीचं होतं हे सफाईवाल्या बाईनं आईच्या कानात सांगितलं. आई रोज जाऊन विचारायची. एक जण बोलला नाही. मरेपर्यंत ती एवढंच म्हणायची, कुणीतरी येऊन सांगायला हवं होतं."

डिम्प्नाचे डोळे भरून आले होते. माझे तर वाहतच होते. एवढी वर्षं शेजारी राहून मला हे ठाऊक नव्हतं. आम्ही त्याला नुसता हट्टी समजत होतो.

"सत्तर वर्षांत पांढऱ्या कोटातलं माणूस माझ्या फाटकाशी येऊन 'चूक माझी' म्हणालेलं पहिल्यांदाच ऐकतोय," तो म्हणाला. "उद्या किती वाजता यायचं?"

शुक्रवारी दहाच्या ठोक्याला तो आला, रविवारचा कोट घालून. डिम्प्नानं सकाळीच वही माझ्यापुढं ठेवली होती. मला वाटलं होतं ते काम काढून घेईल, कदाचित मलाही काढेल. तिनं फक्त पेन दिलं. मी तिन्ही आकडे बघून लिहिले. पाच, सहा, चार. तिनं येऊन परत पाहिले.

फेस्टी खुर्चीवर बसला आणि उजव्या हाताची बाही गुंडाळायला लागला. कालचा डावा होता.

"ती बाही परत वर करणार नाही म्हणालो होतो," तो म्हणाला. "या हाताबद्दल काही बोललो नव्हतो."

डिम्प्नानं सगळं नेहमीसारखं विचारलं, ताप, गोळ्या, कालपासून काही त्रास. हाड चाचपलं, दोन बोटं मोजली. आता म्हाताऱ्याला चिडवायला हवं होतं. बाळाचं नाव नोरीननं गुपित ठेवलं होतं, आणि हल्लीच्या नावांवर फेस्टी कसा घसरतो ते सगळ्या गावाला ठाऊक.

"काय हो, धर्मपिताजी, नाव काय ठेवतायत बाळाचं? काहीतरी अमेरिकन असेल!" ती म्हणाली.

सुई आत गेली, बाहेर आली. फेस्टी चिडला नाही. यावेळी भिंतीकडंही बघत नव्हता.

"कोलमन," तो म्हणाला.

डिम्प्ना त्याच्या दंडावर कापूस दाबून उभी राहिली, ती उभीच. मी काउंटरवरची खोकी उगाच इकडची तिकडं केली.

शेवटी त्यानंच तिचा हात थोपटला. "सोड आता, पोरी. मला पंधरा मिनिटं बसायचंय."