वल्ह्याला लावलेला कान

घोळ मासा पाण्याखाली घुमतो. आमच्या खाडीतले जुने कोळी वल्हं पाण्यात धरून त्याच्या दांड्याला कान लावतात आणि मासे कुठं आहेत ते सांगतात. शेजारचे पांडूकाका यात पटाईत होते. पण खाडीच्या मुखाशी होडी उलटून त्यांचा धाकटा भाऊ बुडाला, तो सापडलाच नाही. तेव्हापासून काका जाळं टाकत, वल्ह्याला कान मात्र लावत नसत.

परवा सकाळच्या भरतीला मी त्यांच्याबरोबर गेलो. जाळं रिकामंच वर येत होतं.

"काका, एकदा ऐका की."

"तूच ऐक."

मी कान लावला. आधी नुसतं पाणी वाजत होतं. मग खोलातून कुणी कण्हल्यासारखा आवाज आला. पाणी कुणाकुणाचे आवाज सांभाळून ठेवत असेल, असं वाटून गेलं.

"डावीकडं आहे, काका."

त्यांनी हळूच विचारलं, "मासाच आहे ना रे?"

मी हो म्हणालो. त्यांनी जाळं टाकलं. थोड्या वेळानं ते जड लागलं. दोन मोठे घोळ होते. ते पाण्याबाहेर येईपर्यंत काका डोळे घट्ट मिटून जाळं ओढत होते.