आप्पा आणि तीनचं रीडिंग

आप्पांना नुसतं ऐकून काही पटायचं नाही. कँटीनमध्ये आज वांग्याची भाजी आहे असं सांगितलं, तरी ते उठून पातेल्याचं झाकण उचलायचे, आत डोकवायचे आणि मग म्हणायचे, "व्हय, वांगंच हाय." कुरकुंभच्या आमच्या केमिकल कंपनीत त्यांचं नावच पडलं होतं बघून-आप्पा. काहीही सांगा, पहिला प्रश्न ठरलेला, "बघून आलीस का ऐकून?" आम्ही जाम वैतागायचो. मी तर सगळ्यांत जास्त.

मी तेव्हा ट्रेनी होते. केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झालेली, केडगावहून कंपनीच्या बसनं येणारी, आणि आपल्याला सगळं येतं अशी ठाम समजूत असलेली. आप्पा दहावीपर्यंत शिकलेले आणि दुसऱ्या पाळीचे इन्चार्ज. गळ्यात सुतळीला बांधलेलं निळं पेन, पायात सेफ्टी बूट, आणि चालणं असं, की जणू पुढं मेंढरं चालली आहेत आणि घाई केली तर बिथरतील. मूळचे दौंडकडच्या एका वाडीतले. त्यांचे वडील मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे. "आमचा बा रोज सांजच्याला हरेक मेंढराच्या कानाला हात लावून मोजायचा," ते सांगायचे. "आई म्हनायची, अवो, सकाळी मोजल्याती की. तर म्हनायचा, ती सकाळची होती." हे सांगून झालं की स्वतःच हसायचे. आम्हाला त्यात हसण्यासारखं काही दिसायचं नाही.

त्यांची पाळी तीनला सुरू व्हायची, पण अडीचच्या ठोक्याला आप्पा गेटच्या आत. कपडे बदलून दहा मिनिटं कमी असताना वर यायचे, आणि आधीच्या पाळीनं लिहिलेला एकही आकडा खरा न मानता प्रत्येक मीटरसमोर उभे राहायचे. आकडा मोठ्यानं वाचायचे, मग लिहायचे. मीटरला ऐकू जावं म्हणून वाचतात का, असं मी एकदा विचारलं होतं. "मीटरला न्हाई गं, मला," ते म्हणाले. "डोळं कवा कवा सवयीनं बघत्यात. त्वांडानं म्हनलं की सापडतं."

नोकरीतल्या चुकांबद्दल त्यांची मतं पक्की होती, आणि ती ते पाळी बदलताना सुनवायचे. कळलं नसेल तर "येस सर" म्हणायचं नाही. बसमध्ये साहेबाची नक्कल करायची नाही, कारण पुढच्या सीटवर साहेबाचा मेहुणा असतो. आणि चुकीचा आकडा लिहिला गेला तर गिरवून काळा करायचा नाही. एकच रेघ मारायची, शेजारी सही करायची. "खोडल्यालं वाचता आलं पायजे. न्हाईतर लोकं म्हनत्यात, काय तरी झाकलंय."

आता माझं सांगते. आमच्या सकाळच्या पाळीत एक जुनी चाल होती. रिॲक्टरचं तापमान दर अर्ध्या तासाला लॉगशीटवर लिहायचं असे. शेवटचं रीडिंग तीनचं. पण तीनपर्यंत थांबलं, की हातपाय धुवून बसपर्यंत पोचेस्तोवर सगळ्या जागा भरलेल्या असत, आणि मग केडगावपर्यंत उभं. म्हणून अडीचला बघितलेला आकडा तीनच्या रकान्यातही तेव्हाच लिहून टाकायचा. त्याला सगळे 'बस-रीडिंग' म्हणायचे. शिरूरच्या एका सिनियरनं मला ते पहिल्याच आठवड्यात शिकवलं. "अर्ध्या तासात काय होतंय?" तो म्हणाला होता. तो पुढे रांजणगावला लागला. मी मात्र मन लावून शिकलेली ती पहिली गोष्ट.

माझं पर्मनंटचं पत्र आठवड्यावर आलं होतं. घरी आईनं पेढेसुद्धा सांगून ठेवले होते. त्या दिवशी अडीचला रिॲक्टर अडतीसवर होता. तो पंचेचाळीसच्या वर जाऊ द्यायचा नाही, एवढं त्या बॅचचं पथ्य. मी अडीचला अडतीस लिहिलं, तीनला अडतीस लिहिलं, सही ठोकली आणि खाली हात धुवायला गेले. परत येऊन पर्स उचलते तोच आप्पांची हाक आली. ते कधीच हाक मारायचे नाहीत, जवळ येऊन बोलायचे. पर्स तशीच ठेवून मी गेले.

"पोरी, तीनला किती?"

"अडतीस, आप्पा."

"बघितलंस?"

मी वर बघितलं. भिंतीवरच्या घड्याळात तीनला सात मिनिटं कमी होती.

"हितं बावन्न हाय," आप्पा म्हणाले.

रिॲक्टर थंड ठेवणाऱ्या पाण्याचा पंप मध्येच बंद पडला होता आणि वरून माल थेंब थेंब आत पडतच होता, म्हणून तापमान चढत होतं. अलार्म वाजायचा साठला. आप्पांनी आधी माल बंद केला, ऑपरेटरला दुसऱ्या पंपाकडे पिटाळलं, बाकीच्यांना खाली उतरवलं. मीही जिन्याकडे वळले, तर म्हणाले, "तू थांब. मी वाचतो, तू लिही." मी पेन उघडलं. आप्पा मीटरपुढे उभे, त्यांची पाठ माझ्याकडे. "चोपन्न. लिही." मी लिहिलं. "पंचावन्न. लिही." दुसरा पंप सुरू झाल्याचा आवाज आला, तरी आकडा वर. "सत्तावन्न." मला देव आठवला, आई आठवली, पेढे आठवले. "सत्तावन्न." मग बराच वेळ काही नाही. "आप्पा?" मी म्हटलं. "गप. सत्तावन्नच हाय. लिही." आणि मग, "छप्पन्न." तो छप्पन्न लिहिताना माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि कागदावर पडलं.

पंचेचाळीसच्या खाली आला तेव्हा प्रॉडक्शनचे साहेब धापा टाकत वर आले. कुणाला काही झालं नाही हे बघितलं, मग लॉगशीट बघितली. चांगला माणूस होता, पण दोन दिवसांवर गिऱ्हाइकाचं ऑडिट होतं. "नवीन पान घ्या," ते म्हणाले. "पंप थोडा बंद पडला, त्रेचाळीसपर्यंत गेलं, खाली आलं. एवढं लिहा. विषय संपला." मी तर कोरं पान काढलंसुद्धा. देवासारखे धावून आले साहेब, असं वाटलं.

आप्पांनी त्या पानावर पंजा ठेवला. "साहेब, झाल्यालं लिहू. न झाल्यालं कसं लिहायचं?"

"आप्पा, रिटायर व्हायला चार महिने राहिलेत तुमचे. कशाला?"

"म्हनून तर," आप्पा म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "त्या अडतीसवर एक रेघ मार. शेजारी सही कर. आन् लिही, न बघता लिहिलं."

"आप्पा, माझी नोकरी जाईल हो!" मी अक्षरशः ओरडले.

"जाईल बी. गेली तर दुसरी मिळंल. ही सवय लागली तर कुठंच टिकायची न्हाईस."

मी रेघ मारली. सही करताना पेन इतकं दाबलं, की कागद फाटायचा राहिला. त्या क्षणी त्या म्हाताऱ्याचं तोंड पुन्हा बघायचं नाही असं मी ठरवलं. खरं तेच सांगते.

चौकशी झाली. पान क्वालिटीच्या मॅडमच्या फाइलमध्ये होतं, मला परत कुणी दाखवलं नाही. मी सगळं कबूल केलं. मॅडम म्हणाल्या, "हे तू कुठून शिकलीस, ते आम्हाला कळलंय. पुन्हा करू नकोस." मला वाटलं, शिरूरवाल्याचं नाव कुणीतरी सांगितलं. पर्मनंटऐवजी आणखी सहा महिने ट्रेनी, असं पत्र हातात आलं. नोकरी वाचली. त्याच आठवड्यात आप्पांना प्लांटवरून काढून गेटजवळच्या वजनकाट्यावर बसवलं. साहेबांना उलट बोलले, दुसरं काय, असं सगळे म्हणाले. आणि माझ्या मनात आलं, बरी जिरली. माझ्यावर रडकुंडीची वेळ आणणाऱ्याची. आज ते आठवलं की मला माझीच किळस येते.

चार महिने आप्पा काट्यावर होते. तिथंही टँकर आला की खुर्चीतून उठून सगळी चाकं काट्यावर आहेत का ते फिरून बघायचे. बस गेटमधून जाताना मी मान दुसरीकडे वळवायची. निरोपाच्या दिवशी शाल, नारळ, भाषणं सगळं झालं. मी मागच्या रांगेत उभी राहून टाळ्या वाजवल्या आणि सटकले. ते नेमके दारात भेटले. मी मोबाइलमध्ये डोकं घातलं. "पोरी," ते म्हणाले, "बस चुकली तर चुकू दे." मी हूं म्हटलं आणि चालू लागले. तेच आमचं शेवटचं बोलणं. दोन वर्षांपूर्वी ते गेल्याचं कंपनीच्या ग्रुपवर आलं. मी इतरांसारखे जोडलेले हात टाकले आणि नंतर रात्रभर झोपले नाही.

आज त्या प्लांटची इन्चार्ज मी आहे. गेल्या महिन्यात जुन्या लॉगशीट नष्ट करायच्या होत्या, ठेवायची मुदत संपली म्हणून. गठ्ठे कागद कापायच्या मशीनपाशी रचलेले, यादी तयार, खाली माझ्या सहीची जागा. "मॅडम, सगळं यादीप्रमाणं आहे, तुम्ही फक्त सही करा," रेकॉर्डवाला म्हणाला. अडीच वाजले होते. माझ्या तोंडून निघून गेलं, "बघून सांगतोस का ऐकून?" आणि मी गठ्ठे सोडायला बसले.

तिसऱ्या गठ्ठ्यात ते पान निघालं. अडतीसवर माझी रेघ, माझी रागानं दाबलेली सही, आणि खाली थरथरलेल्या अक्षरात चोपन्न, पंचावन्न, सत्तावन्न. त्याच्याही खाली, शेऱ्याच्या रकान्यात, निळ्या शाईत आप्पांचं गोल अक्षर. ते मी कधीच पाहिलं नव्हतं. मी मोठ्यानं वाचलं.

"तीनचे रीडिंग अडीचला लिहायची चाल इथली जुनी आहे. मला माहीत होती. मी येऊन बघतो म्हणून मी ती बंद केली नाही. मुलगी नवीन आहे, तिला आम्हीच शिकवले. चूक माझी धरावी." खाली सही.

रेकॉर्डवाला बघत होता. मी रडत होते, लाज वाटायचं वय गेलं आता. पान घडी करून पर्समध्ये टाकावं असं फार वाटलं. कोण विचारणार होतं? पण नष्ट करायच्या यादीत ते होतं, आणि यादीखाली सही माझी व्हायची होती. पान पुन्हा एकदा वाचलं, स्वतःला ऐकू जाईल असं. मग माझ्या हातानं मशीनमध्ये सोडलं. राहिलेले गठ्ठे एकेक करून बघितले, यादीवर सही केली आणि बाहेर आले. बस कधीच निघून गेली होती.