तुदोराची उघडी खिडकी

आमच्या कुंपणापलीकडची तुदोरा भीत नाही, असं अख्खा गाव म्हणतो. खोटं नाही ते. पिसाळलेल्या कुत्र्याला तिनं फावड्यानं हाणलाय, आणि गावच्या सरपंचाला भर चर्चच्या दारात "आधी तोंड धुऊन ये" म्हणालीय. पण मी तिला चाळीस दिवस थरथरताना पाहिलंय. आणि त्याला कारण मी. हो, मीच. उगाच कशाला लपवू?

तिचा नवरा इलारी सप्टेंबरात गेला, शुक्रवारी सकाळी. आमच्या ओल्तेनियाच्या मुलखात माणूस गेला की तीन दिवस घरातच असतो. त्याला आंघोळ घातली, लग्नातला काळा कोट चढवला आणि पुढच्या खोलीत मोठ्या टेबलावर दाराकडे पाय करून ठेवला. आरशांवर टॉवेल टाकले, घड्याळ थांबवलं. त्याच्या उंचीइतकी लांब मेणवात करून तिचं वेटोळं छातीवर ठेवलं. कामं वाटताना तुदोरा मला म्हणाली, "स्तांका, मांजर तुझ्याकडं. बाकी काही करू नकोस, तेवढं सांभाळ."

मांजराचं आमच्यात लहान पोरालाही ठाऊक असतं. घरात ठेवलेल्या माणसावरून ते गेलं, की तो मातीत स्वस्थ राहत नाही. माघारी येतो. अशाला नाव आहे, पण मी ते घेणार नाही. तो वैऱ्याकडे जात नाही, ज्याच्यावर सगळ्यांत जास्त जीव होता त्याच्याकडे आधी येतो आणि त्याला घेऊन जातो. इलारीचा जीव कुणावर, हे सांगायला नको. एकुलती एक लेक, अनिका. खालच्या गल्लीत दिलेली, आठवा महिना लागलेला.

मी मांजर कोठीत कोंडलं. वर कडी घातली. शनिवारी दुपारी अंगणात माणसं जेवायला बसली आणि कुणीतरी ओरडलं, "अगं, लोणचं आण की!" करायला गेले एक आणि झालं एक. कोठीचं दार उघडलं, तोच मांजर पायातून सटकलं. मी मागं धावले. ते पुढच्या खोलीत शिरलं, बाकावर चढलं आणि खिडकी गाठायला थेट इलारीच्या छातीवरून उडी मारून गेलं.

खोलीत तुदोरा एकटीच होती. तिनं माझ्याकडं पाहिलं, मी तिच्याकडं. लोणच्यासाठी घेतलेली रिकामी वाटी माझ्या हातातून खाली पडली.

"ब्र काढू नकोस," ती म्हणाली. आवाज तिचा नव्हताच.

"अगं पण अनिका! सांगायला हवं. म्हाताऱ्यांना बोलाव, ते करतील काय ते."

काय करतात, ते दोघींना माहीत होतं. माणूस पुरायच्या आधी त्याच्या काळजात सुई खुपसतात, म्हणजे तो उठत नाही. मी आठ वर्षांची असताना वरच्या वाडीत एकाला केलेलं फटीतून पाहिलंय. आजही आठवलं की घास उतरत नाही.

"कुणाचा हात लागू देणार नाही मी त्याला," तुदोरा म्हणाली. "मीच करते. दार लाव."

मी दाराला पाठ लावून उभी राहिले. बाहेर चमचे वाजत होते. तिनं पोती शिवायची सुई काढली, मेणवात बाजूला सारली, कोटाचं बटण सोडलं आणि सुई सदऱ्यावर टेकवली. सुई पुढं सरकेना. मी मनात म्हणत होते, कर बाई, कर लवकर, पोरीचा जीव आहे.

"नाही होत गं," ती म्हणाली. "एक्केचाळीस वर्षं इथं डोकं ठेवून झोपले. इथं कशी टोचू?"

तिनं सुई डोईच्या रुमालाला खोचली, बटण लावलं आणि त्याच्या कानाशी वाकली. "इलारी, ऐक. यायचंच झालं तर माझ्याकडे ये. खिडकी उघडी ठेवते. पोरीच्या दाराकडं वळलास, तर याद राख!"

रविवारी त्याला पुरला. असला माघारी आलेला लसणाला बिचकतो, म्हणून त्याच दिवशी तिनं अनिकाच्या दाराखिडक्यांना लसणाच्या माळा बांधल्या. स्वतःच्या घरात एक पाकळी ठेवली नाही. चाळीस दिवस आत्मा फिरतो, तेवढे काढायचे होते. मी रोज सकाळी उठले की आधी तिच्या धुराड्याकडं बघायची. धूर दिसला की जीव भांड्यात पडायचा. एकदा भर दुपारी मी दार वाजवलं, तर आतून अशी किंकाळी आली की माझीच दातखीळ बसली. "तू होय!" म्हणाली आणि माझा हात धरून भिंतीशी बसून राहिली. बाई निम्मी झाली होती. तरी खिडकी उघडीच.

तिसाव्या दिवशी अनिकाला कळा लागल्या. दीड दिवस अडली पोर. सुईण नुसती मान हलवायची. तुदोरा लेकीच्या उंबऱ्यात आडवी बसली आणि बाहेरच्या रिकाम्या रस्त्याला शिव्या घालत राहिली, "इकडं नाही! माझ्याकडं म्हटलं होतं ना!" लोक म्हणाले, दुःखानं फिरली. मला एकटीला माहीत होतं. मी चर्चमध्ये गुडघे टेकले आणि म्हटलं, चूक माझी, मला ने. शेवटी मुलगी झाली. आई धड, लेकरू धड.

चाळिसाव्याचं जेवण झालं, प्रसादाचे गोड गहू वाटून झाले, माणसं गेली. तुदोरा पायरीवर बसली होती. मी मोठा श्वास सोडला. "सुटलो गं बाई! आता तरी ती खिडकी लाव."

तर ती रडायलाच लागली. तो गेला तेव्हा रडली नव्हती, तशी हुंदके देऊन.

"चाळीस रात्री भीतीनं मेले मी, स्तांका. पण उशी दोघांची मांडत होते," ती म्हणाली. "अगं, मांजर वरून गेलं. खिडकी उघडी होती. तरी नाही आला गं तो."

मी तिच्या शेजारी बसले. खिडकी तिनं पहिला बर्फ पडेपर्यंत लावली नाही.